छापील भुतं

समीक्षकांच्या यादीत ज्यांचं नाव सापडत नाही आणि वाचनालयाच्या कपाटात ज्यांचं पुस्तक सापडत नाही, असे लेखक म्हणजे नारायण धारप (१९२५–२००८). पहिलं कारण उपेक्षा, दुसरं मागणी. शंभरावर पुस्तकं लिहून त्यांनी मराठी माणसाला रात्री परसाकडे एकटं जाणं अवघड करून ठेवलं.

आमच्या तळोद्यात या विषयावर चार वाचक जमले की पाच मतं पडतात. निवृत्त गुरुजींचं मत कडक. ‘‘धारप म्हणजे उसनवारी! ‘लुचाई’ वाचा नि त्या स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ वाचा. रक्तपिपासू तोच, फक्त अमेरिकेहून इकडे बदलून आलाय.’’

‘‘येईना का!’’ माजी एस.टी. कंडक्टर म्हणतात, ‘‘मुक्कामाच्या गाडीत वाचत होतो. रात्री दोनला उतरायची गरज होती, गुरुजी. उजाडेपर्यंत धरून बसलो. आणखी काय पाहिजे पुस्तकाकडून?’’

शेजारच्या वहिनी मतकरी पक्षाच्या. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) म्हणजे ‘खेकडा’वाले. ‘‘धारपांचं भूत बाहेरून येतं. समर्थ येतात, घालवतात, मोकळे होतात. मतकरींचं भूत घरातल्याच कुणाच्या तरी मनात असतं. त्याला घालवायचं कुठे?’’ हे बोलताना त्या आपल्या यजमानांकडे का पाहतात, ते विचारायचं धाडस आजवर कुणी केलेलं नाही.

त्यांच्या चिरंजिवांनी २०१८ चा ‘तुंबाड’ पाहिलाय. तो धारपांच्याच एका गोष्टीवरून सुचला म्हटल्यावर, ‘‘म्हणजे ते पिक्चरपण लिहायचे?’’ अशी त्यांनी दाद दिली.

वाद असा रंगात आला असता एकदा सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या आशाताई म्हणाल्या, ‘‘तुमच्या पुस्तकात वाईट कोण ते शेवटी कळतं. आमच्याकडे आधीच ठरतं. म्हातारी, एकटी, नावावर थोडी जमीन, की झाली डाकीण. पोर तापलं तरी तिच्यामुळं, म्हैस आटली तरी तिच्यामुळं.’’

कुणी काही बोललं नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. पण कायद्याचं पुस्तक पाड्यापर्यंत चढायला दमतं, आणि अफवा धावत चढते.

‘‘म्हणूनच म्हणतो,’’ गुरुजी उसळले, ‘‘असली पुस्तकं जाळली पाहिजेत!’’

‘‘जाळू नका. एक मला द्या,’’ आशाताई म्हणाल्या. ‘‘छापलेलं भूत बरं. पुस्तक मिटलं की गप्प बसतं.’’

मला विचाराल, तर धारपांचं खरं मोठेपण इथे आहे. त्यांचे समर्थ झपाटलेल्या माणसाला रोगी समजतात, आरोपी नव्हे. आधी ऐकून घेतात, मग उपाय करतात. उसना असेल रक्तपिपासू. ही रीत उसनी असली तरी आपल्याला परवडेल.

‘लुचाई’ सध्या आशाताईंकडे आहे. पुढच्या नंबरासाठी तिघांनी नावं दिलीत. पहिलं नाव गुरुजींचं आहे; ‘तुलनात्मक अभ्यासासाठी’ असं त्यांनी कंसात लिहिलंय.