लाल वायर, लाल वायर आणि आणखी एक लाल वायर

ऑफिसात दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड गळ्यात पडला की निदान कोणी, कधी, काय बदललं एवढं तरी गिटला विचारता येतं. (त्या माणसाने दोन वर्षांपूर्वीच कंपनी सोडलेली असते, तो भाग वेगळा.) जुन्या गाडीच्या वायरिंगला असलं काही नसतं. तिथे वायर असते, वायरीवर काळी टेप असते, आणि टेपखाली काय आहे ते देवाला ठाऊक.

तर मंडळी, आमच्या अण्णांनी टेंभुर्णीत एक महिंद्रा कमांडर घेतली. मॉडेल १९९८. माझं मत कोणी विचारलं नव्हतं. वस्तीवर जायला, खताची पोती आणायला आणि मुख्य म्हणजे रात्री उसाला पाणी द्यायला. शेतीची लाइट पाळीने येते. दिवसाची पाळी असली तर बरं, रात्रीची असली तर माणसाने उठून मोटार चालू करायला जायचं. गाडी धावायची झकास, फक्त तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. बॅटरीवाल्याने दोन वेळा नवी बॅटरी विकली. प्रश्न तसाच!

मग एका रात्री दीड वाजता वस्तीवर सेल्फ नुसता 'टक' म्हणाला आणि गप्प झाला. धक्का मारायला दुसरं कोणी नाही. अण्णा उसाच्या कडेने तीन किलोमीटर चालत घरी आले. २०२० च्या डिसेंबरात शेजारच्या करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसं मारली होती, ते आमच्याकडे अजून कोणी विसरलेलं नाही. आईने मला फोनवर हे सांगितलं आणि पुढच्या शुक्रवारी रात्री मी मल्टीमीटर घेऊन पुण्याहून निघालो.

पद्धत साधी आहे. गाडी बंद, चावी खिशात. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवायची आणि केबल व टर्मिनल यांच्या मध्ये मल्टीमीटर जोडायचा, १० अँपिअरच्या भोकात पिन घालून. (अशा वेळी कोणी हौसेने सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज जातो, म्हणून चावी खिशात.) झोपलेल्या गाडीने काही मिलीअँपिअरच्या वर काही खाऊ नये. आमची ०.७२ अँपिअर खात होती. म्हणजे दिवसाला सतरा अँपिअर-तास. ८० ची बॅटरी साडेचार दिवसांत कोरडी, आणि सेल्फ फिरवायची ताकद त्याच्या कितीतरी आधीच संपलेली.

सगळे फ्यूज एकेक करून काढले. मीटर ढिम्म, ०.७२. म्हणजे जे कोणी वीज खातंय ते फ्यूज बॉक्सच्या अलीकडे, थेट बॅटरीवर बसलंय. पॉझिटिव्ह टर्मिनलवर पाहिलं तर सहा वायरी! असायला हव्यात दोन. उरलेल्या चारही लाल. टेंभुर्णीच्या बाजारात बहुधा त्या वर्षी लाल वायरच स्वस्त होती.

पण रंग एकच असला तरी जोड सारखे नव्हते, आणि खरी मजा इथे आली. काही जोड सोल्डर केलेले, वर टेप, टेपवर दोरा घट्ट बांधलेला. काही नुसते पीळ मारून टेप गुंडाळलेले, टेपचा गोंद वितळून चिकट झालेला. हे दोन वेगळ्या माणसांचे हात होते. कोडमध्ये कंसाची जागा बघून लिहिणारा ओळखतो ना, तसं.

रविवारी अण्णांनी गाडीच्या पहिल्या मालकांना चहाला बोलावलं. या मामांनी ही जीप टेंभुर्णी–पंढरपूर वडापला चालवलेली. अंगणात पालथ्या क्रेटवर बसून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"काय शोधायलास?"

मी दोऱ्याचा जोड दाखवला. "हा माझा," ते लगेच म्हणाले. पिळाचा दाखवला तर चेहरा वाकडा. "ह्यो न्हाय. असलं काम मी करत न्हाय."

मग एकेक उलगडा होत गेला. मागच्या पायरीजवळ एक पाच वॉटचा बल्ब होता, त्याचं स्वतंत्र बटण ड्रायव्हरजवळ. मला तो निव्वळ हौस वाटला होता. मामा म्हणाले, एकादशीच्या रात्री म्हाताऱ्या बाया उतरायच्या, पायरी दिसायची नाही, एक पडली. दुसऱ्या दिवशी बल्ब बसवला. सेल्फच्या वायरीत एक चोर बटण निघालं. यात्रेच्या मैदानातून गाडी चोरीला गेली होती, डिझेल संपल्यावर रस्त्यात टाकलेली सापडली, त्यानंतरचं ते. म्हणजे त्यांच्या प्रत्येक वायरीला एक तारीख होती आणि एक कारण होतं.

टपावरचं रबर लावलेलं भोक मात्र मधल्या मालकाचं. तिथे दिवा होता. सरकारने १ मे २०१७ पासून लाल दिवे बंद केले, पण हे गृहस्थ तेव्हाही कुठल्याच पदावर नव्हते असं अण्णा सांगतात. असो.

चोर सापडला तो त्यांच्याच वायरीवर. टर्मिनलवरून एकेक वायर सोडवत गेलो, चौथीला मीटर धाडकन ०.०२ वर आला. ती वायर चॅसिसच्या कडेने मागे जात होती. मागच्या बाकाखाली रेक्झिन, रेक्झिनखाली पत्रा, पत्र्याखाली अँप्लिफायर! टेप नाही, स्पीकर नाहीत, नुसता अँप्लिफायर. त्याला जागं करणारी बारीक वायर, जी टेपला जोडायची असते, ती थेट पॉझिटिव्हला पिळलेली. हात लावला तर कोमट. कितीतरी महिने हा गडी कोणासाठीच न वाजणारं गाणं वाजवत बसला होता.

पण मला घाम फुटला तो वेगळ्याच जागी. ही वायर इंजिनाकडून आत येताना पत्र्याच्या उघड्या भोकातून आली होती, रबर नाही, आणि तिथे घासून आतलं तांबं दिसत होतं. लाइनवर फ्यूज शून्य. ती पत्र्याला टेकली असती तर अख्ख्या बॅटरीचा करंट त्या वायरीतून गेला असता, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर डिझेलची नळी. मामांनी ते पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

ती अख्खी वायर उपटून काढली. पायरीच्या बल्बाला फ्यूज दिला, तोही बॅटरीच्या जवळ, कारण फ्यूज बल्बासाठी नसतो, वायरीसाठी असतो. हेडलाइटला १०० वॉटचे बल्ब होते. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बाच्या पिनेवर ११.६. मधले दोन व्होल्ट बारीक वायर आणि जुनं बटण गिळत होते, म्हणजे उजेड जवळपास निम्मा. साधे ६०/५५ चे बल्ब, दोन रिले आणि जाड वायर घातली. रस्ता आधीपेक्षा लांबवर दिसतो, असं अण्णांचं म्हणणं.

पायरीचा बल्ब ठेवला. चोर बटणही ठेवलं, कुठे ते सांगणार नाही. गाडी मुद्दाम बारा दिवस उभी ठेवून अण्णांनी सकाळी सेल्फ मारला, पहिल्या दमात सुरू.

राहता राहिला तो सहा सुरांचा हॉर्न. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९ व्या नियमात असले हॉर्न बसत नाहीत, मी तो नियम अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वस्तीवरची कुत्री तोच ओळखतात," म्हणाले. पुढच्या शनिवारी परत जातोय.