पंख हवेत? मग हात द्या!

उडण्याचं स्वप्न कधीच पडलं नाही, असं माणूस मला तरी अजून भेटलेलं नाही. माझ्या स्वप्नात मी पंखाबिंखांच्या भानगडीत पडत नाही. वाड्याच्या जिन्यावरून पाय उचलायचे आणि विहिरीत पोहताना मारतो तसे हात मारत कौलांवरून निघायचं. खाली आजी वाळवण राखत बसलेली असते. ती ओरडते, "पापडांवर सावली पाडू नकोस गं!" आणि नेमकी तेव्हाच जाग येते.

मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. उत्क्रांतीचा धडा आला, की एक हात हमखास वर जायचा. "बाई, पुढे कधीतरी माणूस उडायला लागेल का?" एकदा सातवीतली एक मुलगी त्याहून पुढे गेली. म्हणाली, "बाई, आपण सगळ्यांनी रोज गच्चीवर जाऊन हात हलवायचा व्यायाम केला, मग आपल्या मुलांनी केला, नातवंडांनी केला, तर? हजार वर्षांनी तरी?"

वर्ग खो खो हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण जवळपास हेच म्हणणं लामार्क नावाच्या मोठ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०९ साली पुस्तकात मांडलं होतं. अवयव वापरत राहिलं की तो वाढतो आणि ती वाढ मुलाबाळांत उतरते, असं त्याला वाटे. मी त्या मुलीला एवढंच विचारलं, "तुझे कान कोणी टोचले?"

"सोनाराने."

"आणि आईचे? आजीचे? पणजीचे?"

पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे कान टोचतात, तरी टोचलेल्या कानांचं बाळ काही जन्माला आलेलं नाही! प्रत्येक वेळी सोनाराकडे जावंच लागतं. जर्मनीतल्या वाइसमान या शास्त्रज्ञाने तर एकोणिसाव्या शतकात पांढऱ्या उंदरांच्या शेपट्या कापून पाहिल्या. पाच पिढ्यांत नऊशेवर पिल्लं जन्मली. एकाचीही शेपटी आखूड निघाली नाही. आपण जन्मभर केलेला व्यायाम आपल्या दंडात राहतो, बाळाच्या दंडात उतरत नाही.

मग बदल होतो कसा? जन्मतःच प्रत्येक जीव दुसऱ्यापेक्षा थोडा वेगळा असतो. त्यातला एखादा फरक जगायला आणि पिल्लं वाढवायला उपयोगी पडला, तर पुढच्या पिढीत तो जास्त जणांत दिसतो. एवढंच. यात इच्छा नाही, हट्ट नाही, नवससायास नाहीत. आणि यातली अट मोठी कडक आहे. प्रत्येक पायरी त्या त्या वेळी उपयोगाची असावी लागते. 'लाख वर्षांनी पंख होतील' म्हणून अर्धवट लोंबणारी कातडी घेऊन कोणी बसून राहात नाही.

आता गंमत पाहा. पृथ्वीच्या एवढ्या लांबलचक इतिहासात पंख मारत उडण्याची कला फक्त चार वेळा जमलेली आहे: कीटकांना, टेरोसॉर नावाच्या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्यांना, पक्ष्यांना आणि वटवाघळांना. कीटकांचा कारभार निराळा, तो सोडून देऊ. उरलेले तिघं आपल्यासारखेच पाठीचा कणा असलेले, आणि तिघांचेही पंख कशाचे झाले? हातांचे! टेरोसॉरचं एक बोट लांबच लांब वाढलं आणि त्यावर पंखाचा पडदा ताणला गेला. पक्ष्यांची बोटं एकमेकांना जुळून त्यांना पिसं आली. वटवाघळाची चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबली आणि त्यांच्यामध्ये कातडीचं कापड बसलं. मोकळा राहिला तो फक्त अंगठा. संध्याकाळी वडाच्या झाडावर वटवाघूळ उतरलं, की नीट पाहा. त्या अंगठ्याच्या नखाने ते फांदी पकडतं आणि कसंबसं सरकतं. हवेतला त्याचा तोरा तिथे पार उतरलेला असतो.

गोष्टीच्या पुस्तकातल्या पऱ्यांना दोन हात, दोन पाय आणि शिवाय पाठीवर दोन पंख असतात. मोजा बरं, सहा अवयव झाले! कणा असलेल्या प्राण्यांना कोट्यवधी वर्षांपासून हातपाय मिळून चारच मिळत आले आहेत. मासोळीच्या परांपासून चालत आलेला हा हिशेब आहे. पाठीतून आणखी एक नवी जोडी काढायची, तर खांदे, स्नायू, नसा सगळं नव्याने उभं करावं लागेल. ते तुकड्यातुकड्याने घडावं आणि प्रत्येक तुकडा उपयोगाचाही असावा, हे मला तरी शक्य दिसत नाही.

हातपाय शाबूत ठेवून हवेत जाणारा एक पठ्ठ्या मात्र आहे. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या जंगलांत, गोव्यापासून केरळपर्यंत, उडता सरडा राहतो. त्याने पंख केले ते फासळ्यांचे! लांब फासळ्या बाजूला पसरल्या की कातडी पंख्यासारखी उघडते आणि स्वारी या झाडावरून त्या झाडावर. पण नावात 'उडता' असला तरी तो खरा उडत नाही, उंचावरून तरंगत खाली येतो. फासळ्या काही फडफडवता येत नाहीत.

बरं, हातांचं सोडा. वजनाचं काय? माळढोक हा आपल्याकडचा सगळ्यात जड उडणारा पक्षी. नर १५ किलोपर्यंत भरतो. १९९० च्या सुमारास सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर मी एक माळढोक उठताना पाहिला होता. त्याची ती संथ, जड पंखमार पाहून वाटलं, याच्या वर आता फारसं वजन झेपणार नाही. (आज तिथे तो दिसणं फार दुर्मीळ झालं आहे, हे लिहितानाही वाईट वाटतं.) जड होत गेलं की उडणं एवढं अवघड का? उंची, लांबी, रुंदी तिन्ही दुप्पट करा. पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट! दरवेळी वजनच पुढे धावतं. सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी अर्जेंटिनात मोठ्या माणसाच्या वजनाचा, ७० किलोच्या आसपासचा एक पक्षी होता. त्याच्या पंखांचा पसारा सहा-सात मीटर, म्हणजे आपल्या वर्गखोलीएवढा. आणि तोसुद्धा बहुतेक वेळ वाऱ्यावर तरंगतच असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. कबुतराच्या छातीचे स्नायू त्याच्या वजनाच्या पाचव्या भागाएवढे असतात. आपली ताकद आहे पायांत. आणि आपला नुसता मेंदूच सव्वा ते दीड किलोच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्यात मोठ्या वटवाघळाच्या अख्ख्या वजनाएवढा!

तेव्हा माझं उत्तर असं. माणसाचे वंशज कधी उडालेच, तर ते लहानखुरे, हलके आणि बिनहातांचे असतील. त्यांना माणूस म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

त्या सातवीतल्या मुलीला हे पटलं नाही. म्हणाली, "हात गेले तर गेले, बाई. पंख मिळतायत ना!"

तेव्हा मला आमचे मामा आठवले. मामा सोलापूरला एका कापडगिरणीत कामाला होते आणि रात्री भजनात पेटी वाजवत. एक दिवस यंत्रात हात सापडला. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं. पुढे कित्येक महिने ते सदऱ्याची बटणं मामीकडून लावून घेत आणि तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत. भाकरीचा तुकडा मोडणं, नाडीची गाठ मारणं, लेकीची वेणी घालणं ही कामं आपण कामं म्हणून मोजतच नाही. मामा मोजायला लागले. अंगठा आणि करंगळीत खडू धरून ते पाटीवर पुन्हा अक्षर गिरवायला शिकले. पेटी मात्र त्यानंतर फडक्यात बांधूनच राहिली.

मी हे वर्गात सांगितलं. ती मुलगी काही बोलली नाही, नुसती आपली बोटं उघडझाप करत बसली. घरी आई-बाबांना सांगून एक खेळ करून पाहा. दोन्ही हातांची अंगठा सोडून बाकीची बोटं फडक्याने सैलशी बांधा आणि तासभर घरात वावरा. वटवाघळाने काय किंमत मोजली ते कळेल.

पण आपली हौस थोडीच फिटते! १६८० च्या सुमारास बोरेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने स्नायूंचा हिशेब मांडून सांगून टाकलं होतं, की माणूस स्वतःच्या ताकदीवर पक्ष्यासारखा उडू शकणार नाही. हातांपुरतं ते खरंच ठरलं. मग पुढच्या लोकांनी हात सोडले आणि पाय धरले. १२ जून १९७९ रोजी ब्रायन अ‍ॅलन हा अमेरिकन सायकलपटू पायडल मारत, इंजिनाशिवाय, पाण्यापासून थोड्याच उंचीवरून इंग्लंडहून फ्रान्सला पोहोचला. लागले २ तास ४९ मिनिटं. त्याच्या यानाचा पंखांचा पसारा जवळजवळ ३० मीटर होता आणि वजन फक्त ३२ किलो! ऑगस्ट २०१० मध्ये कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातल्या तरुणांनी तर पंख फडफडवणारं यानही पायांच्या जोरावर उडवून दाखवलं. मोटारीने ओढून हवेत न्यावं लागलं, आणि मग ते सुमारे २० सेकंद उडालं. २० सेकंद! तरी मला त्याचं भारी कौतुक आहे.

यातलं सगळ्यात लांबचं उड्डाण २३ एप्रिल १९८८ चं. ग्रीक दंतकथेतला डेडलस पंख लावून क्रीट बेटावरून उडाला होता, म्हणून यानाचं नाव डेडलस. कानेलोस कानेलोपुलोस हा ग्रीक सायकलपटू त्याच क्रीटवरून निघाला आणि जवळजवळ चार तास पायडल मारत ११५ किलोमीटरवरच्या सांतोरिनी बेटापाशी आला. किनारा अगदी समोर दिसत होता. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, यान मोडलं आणि किनाऱ्यापासून काही मीटरवर पाण्यात पडलं. कानेलोपुलोस पोहत बाहेर आला.