एका घरात दोन बिऱ्हाडं

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे ठाऊक असूनही मी एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स अशी दोन बिऱ्हाडं ठेवली. दारात ‘ग्रब’ नावाचा द्वारपाल. बटण दाबलं की अदबीनं विचारायचा, “कुणाकडे जायचंय?”

परवा मला अवदसा आठवली आणि मी विंडोज नव्यानं बसवलं. झालं! द्वारपाल गायब, आणि आम्ही थेट विंडोजच्या दिवाणखान्यात. लिनक्सची ‘एक्स्ट-४’ लिपी विंडोजला मुळात वाचता येत नाही. त्यामुळे शेजारी कुणी राहतं याचाच त्याला पत्ता नाही. आणि आईचा आवाज त्या बाजूला होता. ती जाण्याआधी रेकॉर्ड केलेला.

“आणखी करा उचापती!” सौ. एवढंच म्हणाली. पण तिचाही आवाज कापत होता.

भाच्यानं फोनवर बजावलं, “मामा, आता कशाला हात लावू नका.” मग त्यानं पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करायला लावलं. पाहतो तो आईचा फोल्डर जागच्या जागी! बिऱ्हाड हललंच नव्हतं. बूट ऑर्डरच्या रांगेत विंडोज पुढं घुसलं होतं, इतकंच. ग्रबला पुन्हा पहिला नंबर दिला.

फाइल उघडली. आई म्हणत होती, “आधी जेवून घे. ते यंत्र कुठं पळून जात नाही.”