पंचेचाळीस फ्रेमची उडी

‘स्ट्रीट फायटर ६’ या लढतींच्या व्हिडिओ गेममध्ये समोरचा उडी मारून अंगावर येतो, तेव्हा जमीन सोडण्याच्या तयारीपासून पाय परत टेकेपर्यंत साधारण ४५ फ्रेम जातात. हा खेळ सेकंदाला ६० फ्रेमनी चालतो, म्हणजे ती उडी पाऊण सेकंदाची झाली. हवेतली लाथ आपल्या डोक्यावर बसते ती उडी संपायच्या जराशी आधी, तरीही अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ हातात उरतो. काहीतरी दिसणं आणि बोटानं बटण दाबणं, यांत सर्वसाधारण माणसाला पाव सेकंद लागतो. हिशेबानं पाहिलं तर बहुतेक उड्या अडवता यायला हव्यात. रियू हे पात्र घेतलं असेल तर खाली बसून जोराचा ठोसा वर मारायचा, एवढंच काम. त्याला अवघड हालचाल लागत नाही की विजेच्या चपळाईची बोटं लागत नाहीत. तरीही ऑनलाइन रँकच्या खालच्या पायऱ्यांवर लढतींमागून लढती या एका उडीवर हरल्या जातात. समोरचा सहा वेळा उडी मारतो आणि सहाही वेळा लाथ लागते. यावरून नवशिक्या ठरवून टाकतो की आपले हात मंद आहेत. मला हे निदानच चुकीचं वाटतं. हात मंद म्हणून तो बोटांना पळवायला बसतो, महिनोन्‌महिने कॉम्बो, म्हणजे फटक्यांच्या साखळ्या, घोकतो आणि पुन्हा त्याच उडीवर पडतो.

ती उडी घडते त्या क्षणी नवशिक्याचं लक्ष कुठे असतं ते बघा. दोघांमध्ये अर्ध्या पडद्याचं अंतर आहे. त्याला हादोकेन टाकायचा आहे: खाली, खाली-पुढे, पुढे आणि ठोशाचं बटण. अंगठा नीट फिरला का, गोळा निघाला का, हे बघायला नजर आपल्याच रियूवर खिळलेली असते. गोळा निघतो, बरं वाटतं, आणि नजर त्या निळ्या गोळ्याच्या मागे जाते. तेवढ्यात पलीकडच्यानं जमीन सोडलेली असते. आपल्याला तो दिसतो तेव्हा तो डोक्यावर आलेला असतो; ४५पैकी ३० फ्रेम उडून गेलेल्या असतात. उरलेल्या वेळात काय करायचं हेही ठरलेलं नसतं, म्हणून बोटं मिळेल ते बटण दाबतात. या सगळ्या घटनेत हाताचा वेग कुठेच कमी पडलेला नाही. पाहायला उशीर झाला आणि पाहिल्यावर ठरवायला उशीर झाला. सरावलेला खेळाडू गोळा टाकून त्याच्याकडे बघत बसत नाही. त्याची नजर समोरच्याच्या पायांवर असते, कारण गोळ्याचं पुढे काय होणार हे त्याला ठाऊक आहे. पाय काय करणार हे ठाऊक नाही.

ठरवण्यातल्या उशिराला शास्त्राचा आधार आहे. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९५२ साली दाखवून दिलं की निवडीचे पर्याय वाढतात तसा प्रतिक्रियेचा वेळही वाढत जातो. पाव सेकंदाचा आकडा खरा आहे तो एक दिवा आणि एक बटण असेल तेव्हा. लढतीत समोरचा उडी मारेल, धावत येईल, पाय आडवा घालेल, पकडून फेकेल, गोळा टाकेल किंवा काहीच न करता उभा राहील. या सगळ्याची एकदम वाट बघणारा माणूस खरं तर कशाचीच वाट बघत नसतो. जाणकार इथे एक साधी गोष्ट करतो: अंतरावरून यादी छाटतो. पडद्याच्या दोन टोकांना असताना पकड येऊच शकत नाही, मग तिचा विचार कशाला? गोळ्याच्या अंतरावर उडी हाच मोठा धोका, म्हणून वरच्या ठोशाचं उत्तर मनात तयार ठेवायचं. बाहेरून बघणाऱ्याला जी चपळाई वाटते ती बहुतेक वेळा आधी तयार असलेलं उत्तर असतं.

छाटणीचा दुसरा निकष वेळेचा. सगळ्यांत जलद ठोसे ४ फ्रेममध्ये लागतात, म्हणजे एका सेकंदाच्या पंधराव्या भागात. ते बघून अडवणं जगज्जेत्यालाही जमत नाही. तो आधीच ब्लॉक धरून बसलेला असतो. उलट ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ हा रंग उधळत येणारा धक्का लागायला २६ फ्रेम घेतो, आणि आपण स्वतः तोच धक्का उलट मारला की समोरचा कोसळतो. म्हणजे खेळात काही गोष्टी दिसून अडवायच्या असतात आणि काही अंदाजानं. ही फाळणी कुणी समजावून दिलेली नसल्यामुळे नवशिक्या नेमकं उलटं करतो. जे दिसणं शक्यच नाही त्याच्या धास्तीनं तो सतत बटणं दाबत राहतो, आणि जे सावकाश, डोळ्यांदेखत येतं ते त्याला लागतं. मला विचाराल तर या खेळातलं पहिलं शिक्षण म्हणजे ही फाळणी समजणं. त्यासाठी सगळे तक्ते पाठ करायची गरज नाही. उडी, ड्राइव्ह इम्पॅक्ट आणि समोरच्याची फसलेली मोठी चाल, या तीन सावकाश गोष्टी ओळखता आल्या तरी सुरुवातीला खूप झालं.

चपळाईचा पुरावा म्हणून नेहमी २००४ सालच्या इव्हो स्पर्धेतला प्रसंग सांगतात. खेळ ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’. दाइगो उमेहारा या खेळाडूचा केन मरणाच्या दारात, एक फटका ब्लॉक केला तरी त्या ओरखड्यानं संपेल इतका. समोर जस्टिन वाँगची चुन-ली, हाती लाथांच्या वर्षावाचा सुपर तयार. वाँगनं तो सुपर सोडला, आणि दाइगोनं पंधराही लाथा एकेक करून पॅरी केल्या. पॅरी म्हणजे लाथ लागायच्या नेमक्या वेळी पुढे ढकलणं. लोक आजही त्यातली बोटांची करामत बघतात. पण पहिल्या लाथेचा पॅरी सुपर दिसल्यावर सुचून करण्याइतका वेळ तिथे नव्हताच; तो अंदाजानं आधीच द्यावा लागतो. आपल्या अंगात एवढासाच जीव उरलाय, समोरच्याला हाच मार्ग सोपा वाटणार, हे दाइगोनं वाचलेलं होतं. पुढच्या चौदा लाथांची लय सरावानं अंगात मुरलेली होती. म्हणजे यादी छाटून एकावर आणलेली आणि त्या एकाचं उत्तर पाठ. त्या प्रसंगाची थोरवी मला यातच दिसते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हात तयार नसतील तर नजर काय कामाची? उडी दिसली, पण शोर्युकेन, म्हणजे उसळून वर मारायचा खास ठोसा, निघालाच नाही तर? आक्षेपात तथ्य आहे. हालचाल विचार न करता निघाली तरच लक्ष मोकळं होतं. ट्रेनिंग मोडमधल्या घोकंपट्टीचं खरं कारण हेच. पण या वादाचा निकाल लावणारा एक प्रयोग हा खेळ बनवणाऱ्या कॅपकॉमनं स्वतःच करून ठेवलाय. जून २०२३मध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये ‘मॉडर्न’ नावाची नियंत्रणपद्धत आहे. तिच्यात खास चाली एका बटणावर आणि एका दिशेवर निघतात. अंगठा फिरवावा लागत नाही. त्या सोप्या चालींचा मार थोडा कमी ठेवलेला असतो, एवढाच दंड. म्हणजे हाताची अडचण जवळपास संपवून टाकलेली आहे. मग मॉडर्न घेणारा नवशिक्या सरळ वर चढायला हवा होता. तसं होत नाही. एका बटणाचा शोर्युकेन हाताशी असूनही त्याला उडी लागते, कारण ते बटण कधी दाबायचं हे बटण सांगत नाही. मॉडर्नला कमी लेखणाऱ्यांच्या बाजूचा मी अजिबात नाही. बोटांतून सुटलेलं लक्ष समोर लावायचं असेल तर नवशिक्यानं ती पद्धत जरूर घ्यावी.

दुसरा आक्षेप वयाचा. तिशी ओलांडली की प्रतिक्रिया मंदावते, मग पोरांशी कसं खेळायचं? मंदावते हे खरं. पण किती, आणि तेवढ्यानं काय बिघडतं? हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, सप्टेंबर २०२३मध्ये, ‘स्ट्रीट फायटर ५’ पदकाचा खेळ होता. भारताचे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास तिथे उतरले होते. सुवर्णपदक मिळवलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूनं, वय ४४. वयामुळे एखादी फ्रेम गेली असेल, पण अंतर वाचण्यातून ती सव्याज वसूल होते. आणि ‘नजर’ हा शब्दही मी सैल अर्थानं वापरतोय. नेदरलँड्सचा स्वेन वान द वेगे अंध आहे आणि आवाजावरून ‘स्ट्रीट फायटर’च्या स्पर्धा खेळतो. पावलांचा, उडीचा, फसलेल्या ठोशाचा वेगळा आवाज तो ओळखतो. लक्ष नेमकं कुठे लावायचं हे पक्कं असलं की डोळ्यांवाचूनही चालतं, याहून मोठा पुरावा माझ्याजवळ नाही.

पूर्वी हे शिक्षण आपोआप होई, याचं कारण व्हिडिओ गेम पार्लरची रचना. जिंकणारा मशीनवर राहायचा. हरलेल्याला बाजूला होऊन पुन्हा नंबर लागेपर्यंत मागे उभं राहावं लागायचं. ज्यानं आपल्याला हरवलं त्याचाच खेळ त्याच्या खांद्यावरून बघायचा, आणि तोही हात रिकामे असताना. आपली बोटं गुंतलेली नसली की उडी किती संथ असते ते लख्ख दिसतं. २०१९ साली जपानमधली आणि अमेरिकेतली अशा दोन्ही इव्हो स्पर्धा ‘टेकेन ७’मध्ये जिंकणारा अर्सलान अ‍ॅश लाहोरच्या अशाच पार्लरांमधून वर आला. मोठ्या स्पर्धांपासून तो दूर होता, पण खांद्याला खांदा लावून बघणारी, लगेच चूक दाखवणारी माणसं त्याच्याभोवती होती. ऑनलाइन खेळानं हा मागे उभं राहण्याचा काळ काढून टाकला. हरलो की पडद्यावर लगेच पुन्हा खेळण्याचं बटण येतं, आणि राग ताजा असताना ते दाबलं जातं. त्या बटणाऐवजी रिप्ले उघडणं हे मला आजच्या काळातलं मागे उभं राहणं वाटतं.

आता इंटरनेटचं. रोलबॅक तंत्र समोरच्याची पुढची चाल अंदाजानं दाखवतं आणि अंदाज चुकला की चित्र दुरुस्त करतं. लांबच्या जोडणीवर त्या दुरुस्तीत चालीच्या पहिल्या काही फ्रेम गिळल्या जातात. २६ फ्रेमचा धक्का मग २०चाच दिसतो. ही तक्रार रास्त आहे, म्हणून लढत स्वीकारण्यापूर्वी जोडणी किती चांगली ते बघावं आणि वाईट असेल तर सरळ नकार द्यावा. उडीच्या बाबतीत मात्र ही सबब पुरत नाही. ४५मधून पाच-सहा गेल्या तरी भरपूर उरतात.

राहता राहिले रँकचे गुण. एकाच गोष्टीवर लक्ष ठेवलं तर बाकीच्या सुटतात, आणि सुरुवातीला हार वाढते, रँक घसरते. हे होतंच. पण रँकचं गणितच असं आहे की ते आपल्याला आपल्या बरोबरीच्यांपुढे उभं करतं. सुधारलात की समोरचेही सुधारलेले येतात आणि निम्म्याच्या आसपास हार कायम राहते. ज्या फूटपट्टीचं टोक आपल्याबरोबर सरकतं तिच्यावर उंची कशी मोजणार? म्हणून वेगळं काहीतरी मोजावं. ट्रेनिंग मोडमध्ये पुतळ्याला तीन चाली शिकवायच्या: उडी, गोळा, ड्राइव्ह इम्पॅक्ट. त्या कुठल्याही क्रमानं यायला लावायच्या आणि पंधरा मिनिटं फक्त उत्तरं द्यायची. मग पाच लढती खेळायच्या आणि रिप्लेमध्ये समोरच्याच्या उड्या मोजायच्या. समजा, एकवीस निघाल्या आणि त्यांतल्या चार अडवल्या गेल्या. वहीत २१ आणि ४ लिहायचं. पाचही लढती हरल्या असल्या तरी तेच. दुसऱ्या दिवशी एकोणीसपैकी सात. तिसऱ्या दिवशी समोरच्याची तिसरी उडी वरच्या वर फुटते, आणि त्यानंतर तो उडीच मारत नाही. जमिनीवरून पुढे सरकायला लागतो, आणि आता त्याचे पाय बघायचे असतात.