ताटाची डावी बाजू

मराठी घरात ताट वाढण्याचा जो शिरस्ता पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे, त्यात वर मीठ, त्याच्या डाव्या अंगाला लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर, उजव्या अंगाला भाजी आणि आमटी, असा प्रत्येक पदार्थाचा मुक्काम ठरलेला आहे. आहारतज्ज्ञ म्हणून गेली तीस वर्षे अनेक कुटुंबांच्या जेवणांची पाहणी करीत असताना मला सातत्याने दिसत आले ते हे, की या ताटाची उजवी बाजू वर्षागणिक विस्तारत गेली, आणि डावी बाजू मात्र आक्रसत आक्रसत अखेर लोणच्याच्या एका फोडीपुरती उरली. म्हणून ‘घरच्या जेवणात कच्चे अन्न वाढवायचे आहे, काय करू?’ असे विचारणाऱ्या गृहिणीला मी नवे काही शिकवीत नाही. डाव्या बाजूची जुनी वहिवाट तिला परत मिळवून द्या, आणि तीही एका दिवसात नव्हे तर हप्त्याहप्त्याने, एवढेच माझे सांगणे असते.

कच्च्या अन्नाचा हा आग्रह कशासाठी, हे आधी सांगितले पाहिजे. ज्याच्या शोधाशी निगडित कार्याबद्दल आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, उष्णतेने नष्ट होते आणि चिरलेली भाजी उघडी राहिली तर हवेनेही क्षीण होते. पालेभाज्यांतील फोलेटचीही गत बरीचशी तशीच आहे. शिवाय आपली भाकरी, डाळ आणि पालेभाजी यांतील लोह शरीराला सहजासहजी लाभत नाही. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेले तर त्याचे शोषण वाढते. पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्या आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु त्यांची रीत शास्त्राला धरूनच होती.

तथापि कच्चे तेवढे अमृत आणि शिजवलेले तेवढे विष, असे मानणाऱ्यांच्या पंथात मी नाही. गाजरातील कॅरोटीन आणि टोमॅटोतील लायकोपीन ही द्रव्ये किंचित तेलातुपासह शिजविल्यावरच शरीराला अधिक सुलभ होतात. राजमा कच्चा अथवा अर्धकच्चा खाल्ला तर विषबाधा होते. आणि वाल, पावटा, बटाटा यांनाही अग्निसंस्काराची गरज असतेच. गांधीजींनी १९२९ साली केवळ न शिजविलेल्या अन्नावर राहण्याचा प्रयोग मोठ्या निष्ठेने आरंभिला, परंतु प्रकृतीची साथ न मिळाल्यामुळे काही महिन्यांतच त्यांना तो सोडावा लागला. पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावरील आपले छोटेखानी पुस्तक लिहिताना त्यांनी रोजच्या आहाराचे जे प्रमाण नोंदविले, त्यात पालेभाज्या तीन औंस, इतर भाज्या पाच औंस आणि कच्ची भाजी एक औंस, असा हिशेब आहे. एक औंस म्हणजे सुमारे अठ्ठावीस ग्रॅम, किसलेल्या गाजराचे चार चमचे. स्वतःच्या देहावर प्रयोग करून पाहिलेल्या माणसाने अखेर इतक्या मर्यादित प्रमाणावर यावे, यातच मला फार मोठा बोध दिसतो.

हा बोध मला मात्र अनुभवाने, आणि एका कुटुंबाला त्रास देऊन, घ्यावा लागला. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत सहा माणसांच्या एका घराला मी रात्रीचे जेवण संपूर्ण कच्चे ठेवण्याचा तक्ता लिहून दिला होता. आठव्या दिवशी त्या घरातील सूनबाई परत आल्या. यजमानांचे पोट फुगलेले, धाकट्या मुलाने ताटाकडे पाहणेच सोडलेले, आणि आजींना कवळीमुळे मुळ्याची चकती चावत नसल्याने त्या तीन रात्री दूधभातावर झोपलेल्या. दोष सर्वस्वी माझा होता. आपल्या मोठ्या आतड्यात जिवाणूंची एक वसाहत नांदत असते, तिला नेहमीचेच अन्न पचविण्याची सवय असते, आणि तिच्यापुढे एकाएकी तंतुमय पदार्थांची रास लोटली तर वायू आणि कळा ही तिची साहजिक तक्रार होय. तीच रास थोडीथोडी येऊ लागली की ही वसाहत काही आठवड्यांत स्वतःच बदलते आणि तक्रार मिटते. चरकसंहितेत जडलेली अपथ्यकर सवय चतुर्थांशाने सोडावी आणि पथ्यकर सवय त्याच क्रमाने अंगी आणावी, असा जो पादांशिक क्रम सांगितला आहे, तो मी विद्यार्थिदशेत परीक्षेपुरता वाचला होता. त्याचा अर्थ मला त्या घराने शिकविला.

दुसऱ्या खेपेस मी तक्ता न देता त्यांच्या स्वयंपाकघरातच गेले. आजी विळी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी काकडीचे टोक कापले, तोच तुकडा कापलेल्या जागी गोल गोल घासून कडू चीक काढला, एक चकती जिभेवर ठेवून पाहिली, आणि मग काकडी इतकी बारीक चोचवली की ती चावण्यासाठी त्यांना दातांची फारशी गरजच राहू नये. दाण्याचे कूट, ओले खोबरे, लिंबू, चिमूटभर साखर, आणि वर तुपाची जिरे-मिरचीची फोडणी. मीठ मात्र त्यांनी हातात धरून ठेवले आणि पाने मांडल्यावरच घातले. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो ताई, आधी घातलं तर पाणी सुटतं. मग ते पिळून टाकायचं, म्हणजे सत्त्वच टाकायचं की!” आणि थोडे थांबून म्हणाल्या, “हे आम्ही रोज करत होतो. मध्ये कसं कोण जाणे, बंद पडलं.” त्या दिवसापासून माझ्या कामाची दिशा बदलली. मराठी घराला कच्चे अन्न परके नाही. ते केवळ विस्मरणात गेले आहे.

तेव्हापासून मी जो क्रम सांगत आले, तो असा. पहिल्या पंधरवड्यात जेवणात काहीही बदलू नये. केवळ लिंबाची फोड आणि माणशी दोन चमचे कोशिंबीर दुपारच्या ताटात यावी, आणि जेवणाचा आरंभ तिने व्हावा, कारण भूक ताजी असते तेव्हा जीभ नव्याला विरोध करीत नाही. दुसऱ्या पंधरवड्यात तेच प्रमाण दुप्पट करावे, आणि सायंकाळच्या बिस्किटांच्या जागी पेरू, केळे, संत्रे असे ऋतूतील एखादे फळ ठेवावे. तिसऱ्यात रात्रीच्या जेवणातही कोशिंबीर रुजू व्हावी. चौथ्यात पाल्याची पाळी. सोलापूर-मराठवाड्याकडे कोवळी मेथी चिरून, दाण्याचे कूट, तिखट आणि कच्चे तेल घालून जो घोळाणा करतात, किंवा शेतात भाकरीबरोबर कांद्याची पात आणि कोवळा मुळा जसा खातात, तो प्रकार शहरातील घरांनी अवश्य उचलावा. चैत्रात हळदीकुंकवाला भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून कैरीच्या किसासह जी आंबेडाळ करतात, तीही याच घराण्यातली. मुलांना उपदेश करण्यापेक्षा मटार सोलायला बसवावे. निम्मे दाणे पातेल्यात पडण्यापूर्वीच तोंडात जातात, आणि ‘कच्चे खा’ असे कोणी फर्मावण्याची वेळच येत नाही. दोन महिन्यांनी प्रत्येक जेवणात माणशी एक वाटी कोशिंबीर आणि दिवसाकाठी एक फळ इतकी मजल गाठली की मी समाधान मानते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. त्यांतील भाज्यांचा मोठा हिस्सा शिजवलेलाच राहणार, आणि तो तसाच राहावा.

या कामी स्वच्छतेचा बंदोबस्त मात्र कडक हवा, कारण अग्नी जे रक्षण करतो ते येथे आपल्या हातांना करावे लागते. दूषित मातीतून किंवा पाण्यातून भाजीवर आलेली पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन झटके येऊ शकतात. विषमज्वर आणि आमांशही याच वाटेने येतात. म्हणून कंदमुळे घासून, पाला पान न् पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवावा. आधी धुवावे, मग चिरावे. आणि सकाळची कोशिंबीर रात्री वाढू नये. पावसाळ्यात कच्चा पाला अजिबात टाळावा आणि सोलता येतील अशा काकडी, गाजर, केळे यांवर भागवावे. मोड आलेल्या कडधान्यांविषयी विशेष सावध असावे, कारण मोड येण्यास जी ऊब आणि ओल लागते, तीच रोगजंतूंनाही मानवते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या साथीत पन्नासाहून अधिक माणसे दगावली. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध ज्या घरात आहेत, तेथे मटकी आणि मूग एक वाफ आणूनच वाढावेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी यातले काहीही आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा घरोघरी चकली आणि कडबोळी यांचे डबे भरलेले असतील. ते आनंदाने खावेत. सणाच्या फराळावर मी कधी हरकत घेतलेली नाही. परंतु भाऊबीज उलटली की थंडीला सुरुवात होते, मंडईत गाजर, मुळा, मटार आणि बोरे यांची आवक वाढू लागते, आणि तुळशीच्या लग्नात वृंदावनात ऊस, चिंचा, बोरे आणि आवळे ठेवण्याची आपली रीत आहे. कच्च्या अन्नाची सुरुवात करण्यास वर्षातला याहून सोयीचा मुहूर्त नाही. वाचकांना माझी कळकळीची विनंती एवढीच, की त्या दिवशी घरातील प्रत्येक ताटाच्या डाव्या बाजूला दोन चमचे कोशिंबीर वाढा, ती ताजी करा, मीठ शेवटी घाला, आणि पुढचा पंधरवडा याहून अधिक काहीही करू नका.