पाटीवरचे 'बेकजोंग' आणि आपले आडनाव

जात कशी संपेल, हा प्रश्न आम्ही आंबेडकरी माणसे रोज विचारतो. पण जगात कुठे जात खरोखर संपली का आणि संपली तर तिच्या जागी काय आले, हे तपासायला आपण फारसे जात नाही. गेल्या वर्षी आप्तांकडे गेलो असताना लॉस एंजेलिसच्या कोरियाटाऊनमध्ये आम्ही फिरलो, तेव्हा हा प्रश्न थेट एका हॉटेलच्या पाटीवर वाचायला मिळाला.

अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने आशियाई लोकांना अडवणारी जुनी कोटा पद्धत मोडली. त्यानंतर कोरियन कुटुंबे या शहरात येऊ लागली. १९७१ मध्ये हाय डक ली यांनी ऑलिम्पिक बुलेव्हार्डवर किराणा दुकान काढले, भोवती वस्ती वाढली आणि १९८० मध्ये शहराने तिला कोरियाटाऊन हे नाव अधिकृतपणे दिले. आज सुमारे तीन चौरस मैलांत लाखभर माणसे राहतात. तिथे सहाव्या रस्त्यावर मांस भाजून खाण्याचे एक नावाजलेले हॉटेल आहे. बाहेर रांग होती. पाटीवर नाव होते 'बेकजोंग'.

बेकजोंग म्हणजे कोरियातले अस्पृश्य. जनावरे कापणे, कातडी कमावणे, टोपल्या विणणे ही त्यांची कामे. त्यांची वस्ती गावापासून वेगळी. इतर पुरुषांसारखी घोड्याच्या केसांची टोपी घालायची त्यांना मनाई होती. प्राणिहत्येविषयीच्या बौद्ध निषेधाने या कलंकात भर घातली, असे अभ्यासक सांगतात. आम्ही बौद्ध आहोत म्हणून हे झाकून ठेवणार नाही.

या शब्दाचा इतिहास तर आपल्याला फारच ओळखीचा वाटेल. 'बेकजोंग' हा मुळात साध्या रयतेसाठीचा शब्द. १४२३ मध्ये सेजोंग राजाच्या काळात बहिष्कृतांना सामान्य रयतेत मिसळावे म्हणून तो त्यांना देण्यात आला. झाले काय? बाकीच्या लोकांनी तो शब्द टाकून दिला आणि चांगला शब्दच शिवी बनला. 'हरिजन' या शब्दाचे काय झाले, ते आपण पाहिलेच आहे. नाव बदलून जात जात नाही, हे कोरियाने काही शतकांपूर्वीच अनुभवले.

कायद्यानेही ती लगेच गेली नाही. १८९४ च्या सुधारणांनी हा दर्जा रद्द झाला, तरी बेकजोंगांच्या मुलांना शाळा नाकारल्या जातच होत्या. शेवटी १९२३ मध्ये जिंजू शहरात 'ह्योंगप्योंगसा' ही त्यांची संघटना उभी राहिली. ह्योंगप्योंग म्हणजे तराजूसारखी समता. रोज मांस तोलणाऱ्यांनी आपला तराजूच चळवळीची खूण केला! आदल्याच वर्षी जपानमधल्या अस्पृश्यांनी सुइहेइशा स्थापन केली होती आणि चारच वर्षांनी बाबासाहेबांनी महाडचा सत्याग्रह केला. या तिन्ही चळवळी आम्हांला सख्ख्या भावंडांसारख्या वाटतात.

मग आज कोरियात बेकजोंग कुठे आहेत? शोधून सापडत नाहीत. चळवळीने रान तयार केले होतेच. त्यात १९५० ते १९५३ च्या युद्धाने गावेच्या गावे उठली. जमीन सुधारणांनी जमीनदार मोडला. माणसे शहरांत आणि कारखान्यांत मिसळली. आणि आडनावाने काही कळेना, कारण किम, ली आणि पार्क या तीन आडनावांतच जवळपास निम्मा देश सामावतो. गाव, धंदा, आडनाव आणि लग्न या चार दोऱ्यांनी जात बांधलेली असते. तिथे चारही दोऱ्या तुटल्या. म्हणून ते नाव आज हॉटेलच्या पाटीवर बिनधास्त चालते. आपल्याकडे ज्या जातींची नावे शिवीसारखी वापरली जातात, त्यातले एखादे पुण्यात पाटीवर लावून बघा!

ज्यांना 'जात नैसर्गिक आहे, ती कधीच जाणार नाही' असे वाटते, त्यांना आमचे हे उत्तर आहे. जात जाते. मात्र तिच्या दोऱ्या तोडाव्या लागतात.

पण इथे थांबलो तर आम्ही अर्धेच सांगितले असे होईल. जातीची ओळख मागे सोडून आलेला समाज अमेरिकेत दुसऱ्या एका उतरंडीत अडकला. गोऱ्यांच्या खाली आणि काळ्या गरिबांच्या डोक्यावर त्याला दुकानदार म्हणून जागा मिळाली. १६ मार्च १९९१ रोजी साउथ लॉस एंजेलिसमध्ये लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या काळ्या मुलीला संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून कोरियन दुकानदारीण बाईने गोळी घातली. गुन्हा सिद्ध होऊनही बाई तुरुंगात गेली नाही. पुढे २९ एप्रिल १९९२ ला रॉडनी किंगला मारणारे पोलीस सुटले आणि शहर पेटले. कोरियनांची दोन हजारांहून जास्त दुकाने लुटली गेली किंवा जळाली, आणि पोलीस मात्र कोरियाटाऊनच्या मदतीला आले नाहीत. कोरियन लोक त्या दिवसाला 'सा-इ-गू', म्हणजे चार-दोन-नऊ, म्हणतात. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता ती हीच. प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी असतो, म्हणून वरच्याला कुणी हात लावत नाही.

आज कोरियाटाऊनमध्ये सुमारे निम्मे रहिवासी लॅटिनो आहेत. हॉटेलांच्या भटारखान्यांत कोरियन कामगारांच्या बरोबरीने तेच मांस कापतात, भांडी घासतात. बेकजोंग हे नाव पाटीवर सन्मानाने गेले, पण ते काम करणाऱ्या हातांना तेवढा मान मिळाला काय? हा प्रश्न काही कोरियन तरुणांनीच विचारला. त्यांनी १९९२ मध्ये 'कीवा' ही कामगार संघटना काढली आणि कोरियन व लॅटिनो कामगारांना एकत्र आणून बुडवलेल्या मजुरीसाठी आपल्याच समाजातल्या मालकांशी त्या लढल्या. आपल्या जातभाईविरुद्ध उभे राहायला जे धैर्य लागते, ते आमच्या लेखी खरे जातिअंताचे धैर्य आहे.

आणि आपण? त्याच कॅलिफोर्नियात आमचे शिकलेले मित्र भारतीय सहकाऱ्यांसमोर आडनाव सांगायचे टाळतात. जातिभेदाला स्पष्ट मनाई करणारे विधेयक तिथल्या विधिमंडळाने २०२३ मध्ये मंजूर केले, पण ७ ऑक्टोबरला राज्यपाल न्यूसम यांनी ते फेटाळले. सध्याचे कायदे पुरेसे आहेत, असे कारण दिले. पुरेसे असते तर आडनाव लपवावे का लागले असते?

म्हणून आमचे म्हणणे दुहेरी आहे. परदेशातल्या आपल्या संघटनांनी कायद्याची लढाई सोडू नये. त्याचबरोबर बुद्ध जयंती आणि भीम जयंतीच्या पलीकडे जाऊन शेजारच्या लॅटिनो, काळ्या आणि कोरियन कामगारांशी नाते जोडावे. आपण वरच्या पायरीवर पोचलो आणि खालच्या पायरीवर दुसरा कुणी आला, तर त्याला जातिअंत म्हणता येणार नाही. बाबासाहेबांना पायरी बदलायची नव्हती, जिनाच पाडायचा होता.

नमो बुद्धाय! जय भीम!