गाडीची वही आणि पावसाचा ओलावा



गेल्या आठवड्यात देरासरातून बाहेर पडताना एकीने मला थांबवलं. "भाभी, एवढी भारी गाडी तुम्ही सांभाळता कशी? आमच्याकडे मुलाने तशीच घेतलीय, दर महिन्याला नवीन काहीतरी निघतं." चपला घालता घालता जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण अर्धंच राहिलं. म्हणून आज पापड-लोणचं बाजूला ठेवून गाडीवर लिहिते.

आधी आमची गाडी कशी आली ते सांगते. चिरंजीव परदेशी गेले आणि जाताना आपली गाडी अलिबागला आमच्या अंगणात लावून गेले. परदेशी बनावटीची, लांबलचक, जमिनीला टेकल्यासारखी. मी पहिलं विचारलं ते सीट चामड्याच्या आहेत का. त्याने मूळ बिल काढून दाखवलं, कृत्रिम चामडं होतं, तेव्हाच मी आत बसले. यांचं म्हणणं होतं, "दुकानदार माणसाला ही गाडी शोभत नाही, विकून टाकू." पण त्याच वर्षी यांची बायपास झाली आणि दर तीन महिन्यांनी मुंबईला तपासणीसाठी जाणं सुरू झालं. वडखळच्या रस्त्याने खड्ड्यांतून जायचं म्हणजे यांच्या छातीला हादरे. त्यापेक्षा मांडव्याहून रो-रो बरी. मार्च 2020 मध्ये ती सुरू झाल्यापासून गाडीसकट तासाभरात भाऊच्या धक्क्याला उतरता येतं, आणि सकाळी निघालं तर सूर्यास्ताच्या आत घरी येऊन जेवताही येतं. गाडीत यांना धक्का कळत नाही. तेव्हा गाडी राहिली, आणि चालवायला मी. बावन्नाव्या वर्षी शिकलेलं ड्रायव्हिंग असं कामाला आलं.

गेल्या जुलैत तपासणीच्या दिवशी सकाळी गाडी सुरू करायला गेले, तर समोर दिवाळी! ब्रेकचा दिवा, एअरबॅगचा दिवा, स्टीअरिंगचा दिवा, सगळे एकदम लागलेले. बटण दाबलं की नुसतं टक-टक. बोट चुकली, डॉक्टरांची वेळ चुकली. हे काही बोलले नाहीत, बूट काढून ठेवले आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. ते मला जास्त लागलं.

गाडी ट्रकवर चढवून एका मोठ्या वर्कशॉपमध्ये पाठवली. तिसऱ्या दिवशी अंदाजपत्रक आलं: 1,86,000 रुपये. एक कंट्रोल युनिट बदला, बॅटरी बदला, वायरिंगचा एक भाग बदला. कशामुळे बिघडलं असं विचारलं, तर उत्तर मिळालं, "मॅडम, कॉम्प्युटरने दाखवलंय." मुलाचा फोन आला, "आई, विकून मोकळे व्हा." यांनाही तेच हवं होतं. मी म्हटलं, मला दोन दिवस द्या.

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. नोकरी केली नाही, पण दुकानाची आणि घरची वही माझ्याकडेच. गाडी आली त्या दिवशी तिचीही वही घातली होती: तारीख, किलोमीटर, काय झालं, किती खर्च. ती काढून बसले. गाडीचे दिवे लागण्याच्या नोंदी आठ होत्या. दिवा लागायचा, दोन दिवसांनी आपोआप जायचा, म्हणून आम्ही कधी मनावर घेतलं नव्हतं. आता त्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयशी लावून पाहिल्या. कालनिर्णयवर माझं दूध, सिलिंडर, उपवास आणि पावसाळ्यात "कपडे वाळले नाहीत" असंही लिहिलेलं असतं. आठपैकी सात तारखा "कपडे वाळले नाहीत"च्या दुसऱ्या दिवशीच्या! आठवी डिसेंबरातली, त्या दिवशी गाडी पाइपने धुतली होती. डिसेंबर ते मे, धुण्याचा तो एक दिवस सोडला, तर एकही नोंद नाही.

म्हणजे कॉम्प्युटर बिघडला नव्हता. पाणी कुठूनतरी आत येत होतं.

गाडी परत आणली. वर्कशॉपचे तपासणीचे पैसे भरले, पण कोडचा कागद मागून घेतला. आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांना बोलावलं. ते म्हणाले, "ताई, कोड म्हणजे ताप. ताप कशाने आला ते कोड सांगत नाही." डाव्या बाजूच्या पायाखालचं कार्पेट उचललं. खालचा जाड फोम पिळला तर तांब्याभर पाणी निघेल इतका भिजलेला, वर पांढरी बुरशी. आणि त्याच फोमच्या खाली, नेमक्या खोलगट जागी, वायरींचे जोड आणि एक कंट्रोल युनिट.

इथे मला माझी चूक कबूल करायची आहे. कुबट वास मला जूनपासूनच येत होता. मी काय केलं? कापराची पुडी ठेवली. स्वयंपाकघरात असा वास आला असता तर मी डबान् डबा रिकामा केला असता. चातुर्मासात ओलाव्यात जीवोत्पत्ती होते म्हणून आपण पीठ रोज पाहतो, फडकी उन्हात टाकतो, पाणी गाळतो. आणि गाडीत बुरशी वाढत असताना मी तिला सुगंध देत बसले. जयणा काय फक्त ओट्यापुरती असते?

आता पाणी आलं कुठून? छपरातल्या काचेतून, म्हणजे सनरूफमधून. मला वाटायचं ती काच घट्ट बंद असते, पाणी येणारच नाही. तसं नसतं. थोडं पाणी काचेच्या कडेने आत येणारच असं धरूनच ती बनवलेली असते. भोवती पन्हळ असते आणि कोपऱ्यांत बारीक नळ्या, ज्या खांबांच्या आतून पाणी खाली जमिनीवर सोडतात. आपल्या कौलारू घराच्या पन्हळीसारखंच. काकांनी काच उघडून एका कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओतलं. उजवीकडे चाकामागून धार पडली. डावीकडे काहीच नाही, पाणी पन्हळीतच साचून राहिलं. नळीतून काय निघालं माहीत आहे? सुरूच्या काड्या! आमच्या फाटकाशी सुरूचं झाड आहे आणि गाडी रोज त्याच्याच सावलीत. अलिबाग, वरसोली, किहीम, नागाव, आपल्या किनाऱ्यावर कुठे सुरू नाही? वायपरच्या खालच्या जाळीतही त्याच काड्यांचा गालिचा झाला होता.

पाण्याने एवढा गोंधळ कसा झाला तेही काकांनी समजावलं. अशा गाडीत छोटे छोटे कॉम्प्युटर पुष्कळ असतात. कुलूप लावलं की थोड्या वेळाने ते झोपी जातात. जोडात ओल आली की एखादा झोपतच नाही, रात्रभर बॅटरी पीत राहतो. सकाळी बॅटरी उतरलेली, मग बाकीच्यांना पुरेशी वीज मिळत नाही आणि प्रत्येक जण आपापला दिवा लावून तक्रार करतो. नको तिथे गेलेली वीज नाजूक यंत्रांना चालत नाही, हे अलिबागकरांना नवीन नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 साली कुलाब्याचं चुंबकीय निरीक्षणाचं काम आपल्या अलिबागला आणलं, ते याच भीतीने.

नळीत तार घालायची नाही, नळी फाटते. जोराची हवाही मारायची नाही, जोड निसटतो. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हळूच सरकवली आणि मोकळी केली. कार्पेट काढून तीन दिवस पंख्याखाली ठेवलं. दोन जोड गंजले होते ते बदलले, बाकीचे साफ केले, बॅटरी चार्ज केली. वहीतली नोंद अशी: कार्पेट काढणे-बसवणे व सफाई 2,500, जोड 3,200, चार्जिंग 300. एकूण 6,000 रुपये. कंट्रोल युनिट वाळल्यावर नीट चालू लागलं. पुढच्या सीटची गरम होण्याची सोय मात्र कायमची गेली. कोकणात ती हवी कुणाला? जे गेलं ते गेलं.

आता ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी, मी काय करते ते थोडक्यात.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पेलाभर पाण्याची ती परीक्षा. वायपरखालच्या काड्या दर रविवारी हाताने वेचणं. कार्पेटखाली हात घालून पाहणं.

साडेचारशे रुपयांचा व्होल्ट मोजायचा मीटर घेतलाय. सकाळी गाडी सुरू करण्याआधी 12.6 च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. बॅटरी बदलायची झाली तर त्याच जातीची घ्या. काही गाड्यांत नवी बॅटरी गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावीही लागते, ते करून देणार का हे आधी विचारा.

रो-रोने जाऊन आलं की गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवायचा. खारी हवा दिसत नाही, पण लोखंड खाते. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी कधीच नाही.

टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. टायर गुळगुळीत झाला नाही म्हणून जुना नाही असं समजू नका. आणि डिकी उघडून स्टेपनी आहे का पाहा. आमच्या गाडीत नाही, हे मला दोन वर्षांनी कळलं!

आणि उंदीर. पावसात ते इंजिनच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. शेजारच्या वहिनींनी औषध ठेवायला सांगितलं. वायर किती का महाग असेना, आपल्याकडून ते होणार नाही. मी गाडी धान्याच्या खोलीपासून लांब लावते, आठवड्याला बॉनेट उघडून कुठे चिंध्या-पानं जमलीत का बघते, हवा आत घेण्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवून घेतलीय आणि दर दुसऱ्या दिवशी गाडी फिरवते. सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारते, म्हणजे आत कुणी असेल तर त्याला निघायला वेळ मिळतो. गेल्या महिन्यात थाप मारल्यावर मांजरीचं पिल्लू निघालं. थाप मारली नसती तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

मोठ्या वर्कशॉपबद्दल माझा राग नाही. पण अंदाज लेखी घ्या, कोडचा कागद मागा, बदललेला जुना भाग परत मागा. आणि "कशामुळे?" हा प्रश्न उत्तर मिळेपर्यंत विचारा. आपण बायका भाजीवाल्याला चार प्रश्न विचारतो आणि दोन लाखांच्या कागदापुढे गप्प बसतो.

चुकलेली तपासणी पंधरा दिवसांनी झाली. रिपोर्ट चांगले आले. परतताना बोटीवर पाऊस कोसळत होता. मांडव्याला उतरण्याआधी मी सवयीने डाव्या बाजूच्या कार्पेटखाली हात घातला. कोरडं होतं. हे हसून म्हणाले, "आता विकायची का?" मी म्हटलं, "वहीत अजून पानं शिल्लक आहेत."

उद्या सकाळी आवरलं की तुमच्या गाडीचं कार्पेट एकदा उचलून पाहा. काय सापडलं ते मला नक्की कळवा.